आईच्या रक्तात म्युटेशन निघालं, मग आम्हा मुलांचं काय?

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाबरोबर आलेली मुलं हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. आई किंवा वडील खोलीबाहेर गेले की आवाज खाली आणून. पूर्वी ‘किती दिवस आहेत?’ एवढंच विचारलं जायचं. जनुकीय तपासण्या सर्रास व्हायला लागल्या आणि रिपोर्टवर ‘म्युटेशन डिटेक्टेड’, म्हणजे जनुकात बदल सापडला, असं ठळक अक्षरांत छापून यायला लागलं, तशी ही नवी धास्ती सुरू झाली.

सांगलीकडचं एक कुटुंब रिपोर्ट समजून घ्यायला माझ्याकडे आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. काकू साठीच्या आसपासच्या. खोकला हटेना, छातीत पाणी झालं, तेव्हा गावाकडे आधी टीबीची औषधं सुरू झाली. एक्स-रेवर दोन्ही आजार कधी कधी सारखेच दिसतात, त्यामुळे आपल्याकडे असं बऱ्याच जणांचं होतं. पुढे बायोप्सीत अॅडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार निघाला, तोही पसरलेला. ‘मी तर कधी विडीला हात लावला नाही हो,’ हे काकूंचं पहिलं वाक्य. मुलाने सगळं खापर चुलीच्या धुरावर फोडलं होतं.

बायोप्सीचा तुकडा इवलासा होता, निदान करण्यातच संपला. जनुकीय तपासणीला काही उरलं नाही. म्हणून डॉक्टरांनी हातातून रक्त घेऊन ते तपासायला पाठवलं. याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. रिपोर्टमध्ये पेशींच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर जनुकात ‘एक्झॉन 19 डिलीशन’, म्हणजे जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला, असं सापडलं. डॉक्टरांच्या दृष्टीने ही त्यातल्या त्यात चांगली बातमी होती, कारण या बदलावर नेम धरून काम करणाऱ्या गोळ्या आहेत. हा बदल आणि या गोळ्या यांचं नातं 2004 मध्ये उलगडलं. भारतात अॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एका रुग्णात ईजीएफआरमधला बदल सापडतो, आणि धूम्रपान न केलेल्यांत, त्यातही बायकांत, तो जास्त दिसतो.

घरच्यांच्या कानावर मात्र दोनच गोष्टी पडल्या: रक्त आणि जनुक. रक्तात जनुकाचा दोष म्हणजे तो पोराबाळांत उतरणार, हा हिशेब त्यांनी घरी जाईपर्यंत गाडीतच करून टाकला. त्यात धाकटीचं लग्न ठरत आलेलं. मुलाकडच्या कुणीतरी म्हटलं होतं, ‘रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवा, आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवतो.’ धाकटी माझ्यासमोर बसली ती फोन मुठीत घट्ट धरूनच.

मी रिपोर्टचं दुसरं पान उघडलं. पहिलं पान सगळे वाचतात, दुसऱ्यावर कुणाची नजर जात नाही. तिथे एका चौकटीत ‘व्हेरिएंट अलील फ्रॅक्शन’, म्हणजे रक्तातल्या डीएनएच्या किती तुकड्यांत हा बदल आहे, त्यासमोर 2.4 टक्के लिहिलं होतं. मी विचारलं, ‘हे वाचलंत?’ दोघांनीही नाही म्हणून मान हलवली.

आई-वडिलांकडून आलेला बदल शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो. जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यांतल्या एकीत तो असतो. त्यामुळे रक्त तपासलं तर असा बदल साधारण निम्म्या, म्हणजे 50 टक्क्यांच्या आसपास तुकड्यांत दिसायला हवा. काकूंच्या रक्तात तो शंभरात दोन-तीनच तुकड्यांत होता, कारण तो त्यांच्या निरोगी पेशींतला नव्हताच. गाठीतल्या पेशी मरतात, फुटतात, त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात, आणि तपासणीत तेच सापडतात.

मुलगा ऊसवाला. थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘म्हणजे वरच्या अंगाला कारखान्याची मळी सुटली की खाली कृष्णेच्या पाण्यात सापडते, तसं?’ अगदी तसंच.

हा बदल काकूंना जन्मतः मिळालेला नव्हता. फुप्फुसाच्या एखाद्या पेशीत तो कधीतरी घडला आणि गाठ त्यातून वाढली. जो बदल गाठीपुरताच आहे तो मुलांत उतरूच शकत नाही. म्हणून भावंडांनी ईजीएफआरची तपासणी करण्यात अर्थ नव्हता. केली असती तर पैसे गेले असते आणि ‘नॉट डिटेक्टेड’ हे उत्तर आलं असतं, जे आधीच माहीत होतं.

अपवाद आहेत, आणि ते मी लपवत नाही. टी790एम नावाचा ईजीएफआरमधलाच एक बदल फार क्वचित घराण्यात चालत आलेला आढळतो. एरवी हा बदल उपचारादरम्यान, जुन्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर गाठीत तयार होतो. पण उपचार सुरू होण्याआधीच, तोही निम्म्याच्या आसपास दिसला, तर डॉक्टर थांबून विचार करतात. पन्नास-शंभर जनुकांचं मोठं पॅनेल केलं तर बीआरसीएसारखा (स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांतला) आनुवंशिक दोषही हाती लागू शकतो. अशा वेळी आनुवंशिकतेची वेगळी तपासणी करतात, आणि तिच्याआधी रीतसर समुपदेशन होतं. घरात कमी वयात कर्करोग झालेले आणखी कुणी आहेत का, हे मी म्हणूनच विचारते. काकूंच्या माहेरी तसं कुणी नव्हतं.

धाकटीचा खरा प्रश्न मात्र अजून अडलेलाच होता. ‘मग त्यांना रिपोर्ट पाठवू का?’ मी म्हटलं, आईला आजार आहे, उपचार चालू आहेत, हे जरूर सांग. लपवून लग्न करू नकोस. पण फाइल आईची आहे. ती कुणाच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जावी का, हे आईला विचारल्याशिवाय तूही ठरवू शकत नाहीस. दारातून परत आलेल्या काकूंनी एवढंच ऐकलं आणि म्हणाल्या, ‘नको पाठवू.’ विषय तिथेच मिटला. लग्नाच्या बोलणीत कर्करोगाचे रिपोर्ट मागवण्याची पद्धत मला मुळातच पटत नाही, हे इथे लिहून ठेवते.

आता आकड्याचं. काकूंना ईजीएफआरवर नेम धरणारी जेफिटिनिबची गोळी आणि जोडीला केमो असा उपचार सुरू झाला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 350 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात नुसत्या गोळीवर आजार साधारण 8 महिने थोपला होता, केमोची जोड दिल्यावर 16 महिने. या जोडीचा त्रासही जास्त होतो, तेही सांगितलं गेलं होतं. सुरुवातीला रक्तातलं सीईए, म्हणजे काही कर्करोगांत वाढणारं एक प्रथिन, 64 होतं, मग 21, मग 9.8. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना मुलगा दर पंधरा दिवसांनी गावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त द्यायला लावायचा आणि आकडा मोबाइलवर टिपून ठेवायचा. एके दिवशी 14 आलं. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. लॅब वेगळी होती. वेगवेगळ्या यंत्रांवर आणि पद्धतींवर सीईएचे आकडे जुळत नाहीत, म्हणून तुलना एकाच लॅबमधल्या आकड्यांची करायची. पुढच्या आठवड्यात ठरलेला सीटी स्कॅन झाला. गाठ आधीपेक्षा लहान होती, पाणी भरलेलं नव्हतं, काकू जिना चढून आल्या होत्या. डॉक्टर आधी हे बघतात आणि मग आकडा. आकडा एकाच लॅबमध्ये लागोपाठ चढत गेला तर ते स्कॅन लवकर करून घेतात. नुसत्या एका आकड्यावर गोळी बदलत नाहीत.

सीईए हे मुळात फुप्फुसाचं प्रथिनही नव्हे. 1965 मध्ये मॉन्ट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन या संशोधकांना ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडलं. गर्भाच्या आतड्यातही ते असतं. यकृताच्या आजारात, आतड्याच्या सुजेत आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते थोडंफार वाढलेलं असतं. कर्करोगाची खूण म्हणून रक्तात मोजला जाणारा असाच दुसरा एक मार्कर आहे, एनएसई. तो लाल रक्तपेशींमध्येही असतो. रक्त घेताना किंवा नेताना त्या फुटल्या तर आकडा उगाच वर जातो.

हे ऐकताना मुलगा गप्प झाला आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. आईचं झाल्यावर त्याने स्वतः ‘फुल बॉडी’ पॅकेज केलं होतं. सीईए 6.3, समोर लाल बाण, मर्यादा 5. महिनाभर तो कागद बायकोलाही दाखवला नव्हता. वय चौतीस, रोजच्या दहा-बारा सिगारेटी.

डॉक्टरांनी त्याला तपासलं. घाईने पेट-सीटी वगैरे काही सांगितलं नाही. सिगारेट सोडून दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या म्हणाले. तक्रार नसलेल्या माणसात फुप्फुसाचा कर्करोग शोधायला सीईए वापरत नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्यांसाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन असतो, आणि तो त्या गटातला नव्हता. ‘मग हे पॅकेजमध्ये घालतात कशाला?’ त्याने चिडून विचारलं. यादी लांब दिसली की पॅकेज खपतं, असं माझं मत मी सांगितलं.

जवळच्या नात्यात फुप्फुसाचा कर्करोग असेल तर इतरांपेक्षा धोका थोडा जास्त असतो, हेही त्याला सांगितलं. जनुक त्याला बदलता येणार नव्हतं, सिगारेट येणार होती. तंबाखू सोडवणाऱ्या राष्ट्रीय सेवेचा 1800-11-2356 हा नंबर त्याने मोबाइलमध्ये आईच्या सीईएच्या नोंदींखालीच टाकला, आणि पंधरा दिवसांनी ठरलेली रक्ततपासणी रद्द करायला कलेक्शन सेंटरला फोन लावला.