नुसती संख्या मोजू नका

गुणसूत्रांची उत्क्रांती शिकायचीय ना, मग आधी संख्येचा नाद सोडा. सुरुवात भेकरापासून करा, तेच आपल्या सह्याद्रीत कुत्र्यासारखं भुंकणारं. भारतीय भेकराच्या मादीत गुणसूत्रं 6, चिनी भेकरात मात्र 46! जनुकं जवळपास तीच. गुणसूत्रं टोकाला टोक जोडली गेली, आणि सांध्यांवर जुन्या सेंट्रोमिअरजवळच्या (सेंट्रोमिअर म्हणजे गुणसूत्राचा आवळलेला भाग) डीएनएचे अवशेष आजही सापडतात. टोकाला टोक जुळल्याचा सांधा माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्रातही आहे. जुळलेली ती दोन गुणसूत्रं चिंपांझीत वेगळीच आहेत, म्हणून त्यांची 48, आपली 46.

पाठांतर करू नका. दोन्ही भेकरांच्या गुणसूत्रांचे, पट्टे रंगवलेले फोटो शेजारी ठेवून जुळवत बसा. डोळे दुखतील, दुखू देत. मग भारतीय भेकराच्या नराकडे वळा. त्याच्यात 7 का? लिंग ठरवणाऱ्या एक्स आणि वाय गुणसूत्रांपैकी एक्स तिसऱ्या गुणसूत्राला चिकटलाय. वाय मात्र वेगळाच, आणि त्याच्या वाटेला आलेलं तिसरं सुटंच राहिलंय, म्हणून एक जास्त.