मोतीबिंदूतला मोती आणि कॅटरॅक्टमधला धबधबा

प्रश्न असा आलाय की इंग्रजीत कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा पण आणि मोतीबिंदू पण, हे कसं काय? आणि आपल्याकडे मोती कुठून आला?

तर मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जोरात खाली कोसळणारं', म्हणून नाईल नदीवरच्या उतारांनाही कॅटरॅक्टच म्हणतात. डोळ्याशी संबंध जोडला तो जुन्या वैद्यांच्या समजुतीने. त्यांना वाटायचं की मेंदूतून एक द्रव खाली झिरपतो आणि बाहुलीच्या मागे साचून नजर अडवतो. अरबी वैद्य याला 'नुझूल अल-मा' म्हणायचे, म्हणजे पाणी उतरणं, आणि 11व्या शतकात कॉन्स्टंटाइन द आफ्रिकन याने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले तेव्हा त्यासाठी कॅटरॅक्टा शब्द वापरला, तोच पुढे युरोपभर चालला. हिंदी-उर्दूत अजूनही 'मोतिया उतर आया' म्हणतात, ते 'उतरणं' याच कल्पनेशी जुळतं बघा.

पण उतरत काहीच नाही! डोळ्यातलं भिंगच गढूळ होतं, हे युरोपात 18व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शवविच्छेदन करून दाखवलं, तोवर शब्द इतका रुळला होता की तो तसाच राहिला.

मोती मात्र नुसतं बघून दिलेलं नाव आहे, पिकलेला मोतीबिंदू बाहुलीत पांढरट चकाकतो. फारसीत पण 'आब-ए-मरवारीद' म्हणजे मोत्याचं पाणी म्हणतात. आणि बिंदूचं म्हणाल तर सुश्रुताने कफज लिंगनाशाचं, म्हणजे कफामुळे नजर जाण्याचं, वर्णन करताना हलत्या कमळाच्या पानावरचा पाण्याचा पांढरा थेंब अशी उपमा दिलीय आणि तिथे शब्द चक्क 'बिन्दु' आहे, मला तर हे वर्णन सगळ्यात सुंदर वाटतं.

आता काचबिंदू. आयुर्वेदात 'काच' ही तिमिर (नजर अंधुक होणं) आणि लिंगनाश (नजर जाणं) यांच्या मधली पायरी, म्हणजे मोतीबिंदूच्याच वाटेवरची, पण मराठीत काचबिंदू म्हणजे ग्लॉकोमा. जर्मनमध्येही अशीच जोडी आहे, करडा 'श्टार' मोतीबिंदू आणि हिरवा 'श्टार' ग्लॉकोमा. नावं सख्ख्या भावांसारखी असली तरी आजार एकदम वेगळे आहेत हो, मोतीबिंदूत भिंग बदललं की सहसा परत दिसायला लागतं, काचबिंदूत डोळ्याची नसच खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही, म्हणून घरात कोणी 'बिंदू झालाय' एवढंच म्हणालं तर कुठला ते नक्की विचारा.