तीनदा तोच आकडा आला म्हणून काटा घेऊ नका

तुमच्या सासूबाईंना हृदयाचं पंपिंग कमी झाल्यामुळे रोज सकाळी वजन लिहून ठेवायला सांगितलंय, घरातले दोन काटे एकमेकांपासून पावणेदोन किलोंनी लांब आहेत, आणि दुकानात पाहिलेला नवा काटा "तीनदा उभं राहिलं तरी तीनदा तोच आकडा दाखवतो" म्हणून तुम्ही तो घ्यायच्या विचारात आहात. हे शेवटचं वाक्य वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. चार वर्षांपूर्वी बाबांसाठी काटा घेताना मी नेमक्या याच कारणावर घेतला होता.

मी डॉक्टर नाही, काटे दुरुस्त करणाराही नाही. औषधाचं जे काही असेल ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी फक्त काट्याबद्दल सांगतो.

सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत वजन करायचं, हे तुम्ही करतच असाल. त्यात वेळ घालवत नाही.

बाबांना घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, आणि रोज थोडं थोडं असं सलग चार दिवस चढत राहिलं तरी कळवा. अंगात पाणी साठायला लागलं की आधी वजन चढतं, सूज आणि धाप नंतर येते, म्हणून ही वही. आमच्या वहीत पहिले चार दिवस ६८.४, ६८.४, ६८.४, ६८.४. आम्ही खूश. पाचव्या दिवशी ६९.१. मग पुन्हा तीन दिवस ६९.१. नंतर एकदम ६९.९.

चार दिवस अगदी तोच आकडा आणि मग एका रात्रीत सातशे ग्रॅम, असं माणसाचं वजन वागत नाही, एवढं मला कळत होतं. त्यामुळे मी काट्यावर संशय घेतला, बाबांच्या तब्येतीवर नाही. पाचव्या दिवशीच सर्व्हिस सेंटरला फोन लावला. त्यांनी सेल बदलायला सांगितले, बदलले. व्हिडिओ पाठवायला सांगितला, पाठवला. तक्रार क्रमांक मिळाला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "लागोपाठ तीनदा उभे राहा. तीनदा एकच आकडा येतो ना? मग काटा बरोबर आहे." मी विचारलं की मग आकडा अडकून अचानक उडी का मारतो? "फरशी सपाट नसेल." एवढ्यावर त्यांनी तक्रार बंद केली. नवव्या रात्री बाबांना आडवं होता येईना, बसूनच श्वास घेत होते. हॉस्पिटलच्या काट्यावर ते घरी सोडलं त्या दिवसापेक्षा अडीच किलोंनी जास्त भरले. सहा दिवस आत होते. आता बरे आहेत, पण त्या काट्यावर विश्वास ठेवून घालवलेला तो आठवडा मला अजून टोचतो.

काटा मुळात बिघडलेलाच नव्हता. त्याला तसंच वागायला बनवलं होतं. घरगुती डिजिटल काट्यांपैकी बऱ्याच काट्यांत अशी सोय असते की नवं वजन मागच्या वजनाच्या अगदी जवळ असेल तर मोजलेला आकडा न दाखवता मागचाच पुन्हा दाखवायचा. आमच्या काट्यात ही मर्यादा अर्ध्या किलोच्या आसपास होती. लागोपाठ उभं राहिल्यावर आकडा शंभर-दोनशे ग्रॅमने हलला की गिऱ्हाईक म्हणतं काटा खराब आहे, म्हणून हा मेकअप. ज्याला महिन्यातून एकदा वजन बघायचंय त्याचं त्यात काही बिघडत नाही. पण रोज दोनशे-तीनशे ग्रॅमची चढण पकडण्यासाठी ज्याने काटा घेतलाय, त्याच्यापासून हा काटा नेमकी तीच गोष्ट लपवतो. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. सर्व्हिस सेंटरमध्ये बसणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. आणि माहीतच नसेल, तर त्याला तिथे बसवणाऱ्यांची ती चूक आहे.

मला हे कळलं ते पाण्याच्या बाटलीमुळे. तुम्हीही दुकानातच करून बघा. काट्यावर उभे राहा, आकडा घ्या, उतरा, काटा बंद होऊ द्या. मग पाव लिटर पाणी भरलेली बाटली हातात धरून पुन्हा उभे राहा. आकडा दोन-तीनशे ग्रॅमने वाढायला हवा. जसाच्या तसा राहिला, तर दुकानदार काहीही म्हणो, तो काटा घेऊ नका. उलट, दर वेळी शंभर ग्रॅमने इकडेतिकडे होणारा काटा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

असा काटा आधीच घरात असेल तर एक तोडगा आहे. आधी पाच लिटरचा भरलेला कॅन हातात घेऊन उभं राहायचं, उतरायचं, काटा बंद होऊ द्यायचा, मग नुसतं उभं राहायचं. आधीचा आकडा पाच किलोंनी लांब गेल्यामुळे काट्याला नव्याने मोजलेला दाखवावाच लागतो. कॅन सासूबाईंना उचलायला लावू नका, घरातल्या दुसऱ्या कोणी आधी उभं राहिलं आणि त्यांच्या वजनात चांगला फरक असेल तरी भागतं. आमच्याकडे हे चाललं. पण तुमच्या काट्यात प्रत्येक माणसाचं वजन वेगळं साठवायची सोय असेल तर चालेलच असं सांगता येत नाही.

आता पावणेदोन किलोंच्या फरकाबद्दल. कोणता काटा खरा हे शोधायचं असेल तर तोच कॅन कामाला येतो. झाकण घट्ट लावून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणा. त्या काट्यांची वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासणी होऊन शिक्का लागतो, आपल्या घरच्या काट्याला असं कोणी विचारत नाही. मग घरी आधी नुसते आणि नंतर कॅन घेऊन उभे राहा, मधला फरक कॅनच्या वजनाइतका यायला हवा. नुसता कॅन काट्यावर ठेवून तपासू नका, काटा पाच किलोला बरोबर असून सत्तरला चुकू शकतो. मोठं वजन हवं असेल तर नवा आलेला, सील न तोडलेला घरगुती गॅस सिलिंडर आहेच. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या कड्यावर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. थोडंफार इकडेतिकडे धरा. खाली लाकडी पाट ठेवा आणि पाटाचं वजन वजा करायला विसरू नका.

पण माझं स्पष्ट मत सांगतो, कोणता खरा याला तुमच्या कामात फारसं महत्त्व नाही. एखादा काटा रोज किलोभर जास्त दाखवत असेल तर दाखवू दे. तुम्हाला कालच्यापेक्षा आज किती हे बघायचंय. बाटलीच्या परीक्षेत जो पास होईल तो एकच ठेवा आणि दुसरा घरातून काढून टाका. नाहीतर घरातलं कोणीतरी "या काट्यावर कमी येतंय" म्हणून मनाला बरं वाटणारा आकडा लिहील. आमच्याकडे आईने दोनदा लिहिला होता, चांगल्या मनानेच.

जागा मात्र पक्की हवी. चारही पाय सपाट फरशीवर, एकही पाय फरशीच्या सांध्यात नको, खाली पायपुसणं किंवा सतरंजी नको. वापर झाल्यावर काटा भिंतीला उभा टेकवून ठेवत असाल तर ते आधी बंद करा. उभा-आडवा केल्यावर बऱ्याच काट्यांचं शून्य सरकतं आणि पुढचा पहिला आकडा चुकतो. हलवावाच लागला तर जागेवर ठेवून एकदा पायाने दाबा, शून्य येऊन बंद होऊ द्या, मग वजन करा. तुमच्या दोन काट्यांतला निम्मा फरक यातूनही येत असेल, सांगता येत नाही.

चरबी, स्नायू, "शरीराचं वय" दाखवणारे काटे घेऊ नका. ते तळपायांतून बारीक विद्युतप्रवाह सोडतात, आणि अंगातलं पाणी कमीजास्त झालं की त्यांचे आकडे बदलतात. हृदयाच्या पेशंटमध्ये तर पाण्याचाच प्रश्न असतो. सासूबाईंना पेसमेकर असेल तर असा काटा वापरायचाच नाही, माहितीपत्रकातही तसं लिहिलेलं असतं. जुना स्प्रिंगचा काटाही नको. तो काही लपवत नाही, पण त्यावर साधारण किलोच्या रेघा असतात, दोनशे ग्रॅम काय दिसणार?

रुंद, न घसरणारा, मोठ्या आकड्यांचा घ्या. काच ओली असताना म्हातारं माणूस घसरतं. काटा भिंतीजवळ ठेवा म्हणजे चढताना हात टेकवता येईल, पण आकडा येताना हात भिंतीवर नको, वजन कमी भरतं. बाबा हे करायचे आणि आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं.

वहीत वजनाशेजारी दोन रकाने आणखी आखा: पावलावर बोट दाबलं की खळगा राहतो का, आणि रात्री धाप न लागता झोपायला किती उश्या लागल्या. आमच्या डॉक्टरांना पुढे या रकान्यांचा जास्त उपयोग झाला. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

दोन्ही काट्यांवर बाटली घेऊन आणि न घेता आलेले चारही आकडे इथे लिहा, आणि पेसमेकर आहे का तेही कळवा. मी रात्री नऊनंतर बघतो.