“माझ्या माघारी लेकराचं कोन करंल?”

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आई. मुलगा 19 वर्षांचा, मध्यम बौद्धिक अक्षमता असलेला. हातपाय धड, बोललेलं समजतं. पण आंघोळ अजून आईच घालते, तीही अंगणातल्या उघड्या न्हाणीत. “मी हाय तवर ठीक. माझ्या माघारी लेकराचं कोन करंल?” हा प्रश्न बहुतेक घरांतून येतो. त्याचं निम्मं उत्तर त्या न्हाणीतच असतं.

आंघोळ आपल्याला एक काम वाटतं. त्याच्यासाठी ती डझनभर कामं आहेत: पडदा लावणं, बादलीत पाणी घेणं, कपडे काढणं, अंगावर दोन तांबे ओतणं, साबण मान-काखा-जांघा-पाय या ठरल्या क्रमानं लावणं, फेस जाईपर्यंत पाणी घेणं, पुसणं, कपडे घालणं. शिकवायचं मात्र शेवटाकडून. आधी सगळं आईनं करायचं, फक्त सदरा त्यानं घालायचा. ते जमलं की अंग पुसणंही त्याचं, मग शेवटचे तांबे. असं मागे सरकत गेलं की रोज काम त्याच्याच हातून पुरं होतं, म्हणून तो टाळत नाही. गरम पाणी मिसळणं अगदी नंतर येतं. बादलीला आतून रंगाची रेघ मारावी. रेघेपर्यंत आधी गार, मगच गरम.

साबणापाशी गाडी अडली. “मान चोळ, आता पाय” असं आई सतत बोलायची आणि मुलगा साबण धरून पुढच्या शब्दाची वाट पाहत उभा राहायचा. हाताची मदत मनगटावरून कोपरावर, तिथून नुसत्या खुणेवर आणत काढून घेता येते. शब्दांची सवय फार चिवट. म्हणून तोंड बंद ठेवून मनात दहापर्यंत मोजायचं, तरी अडला तर कोपराला हलका स्पर्श. आईला हे जड गेलं. पाणी टँकरचं, आणि हा सांडणार. मग एकच बादली आत ठेवली. बादली संपली की आंघोळ संपली. थांबायचं कुठं, हेही त्याला त्यातूनच कळलं.

पडद्याबाबत तडजोड नकोच. ज्याला रोज कुणीतरी उघडं करतं, त्याला वाईट हेतूनं कपडे काढणारा माणूस वेगळा कसा ओळखू येईल?

कागदाचं कामही लांबवू नये. 18 वर्षं पूर्ण झाली की आई-वडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. पुढे थोरला भाऊ सांभाळणार असेल, तर त्यालाही हा क्रम आणि गप्प राहणं आत्ताच शिकवावं; नाहीतर मायेपोटी तो पुन्हा आंघोळ घालायला लागतो आणि मुलाचं आलेलं कसब जातं.