जर्मनीत मेडिसिनल केमिस्ट म्हणून यायचंय त्यांना

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी. ऑरगॅनिक झालंय, हिंजवडीत कॉन्ट्रॅक्ट रिसर्चमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी रेणू बनवून देणाऱ्या लॅबमध्ये, चार वर्षं सिंथेसिस करताय, तर थेट जर्मनीत मेडिसिनल केमिस्ट म्हणून, म्हणजे औषधाचे रेणू आखण्याची, नोकरी मिळेल का. मी त्याच वाटेनं आले, म्हणून स्पष्ट सांगते: पीएच.डी.शिवाय फार अवघड आहे. इथे बेंचवरचा लॅबोरंट, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग करणारा तंत्रज्ञ, साडेतीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेला असतो, आणि कोणता रेणू करायचा हे ठरवणारा लॅबप्रमुख बहुधा डॉक्टरेटवाला. आपली एम.एस्सी. दोघांच्या मध्ये अडकते. तेव्हा आधी पीएच.डी.ला या. केमिस्ट्रीत ती बहुतेक ठिकाणी पगारी असते.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी सुझुकी, अमाइड कपलिंग, बॉक काढणं, अशा रोजच्या सगळ्या रिअॅक्शन्स उत्साहानं सांगितल्या. समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "हा मिथाइल तिथे का?" मिथाइल म्हणजे रेणूवरचा एका कार्बनचा छोटासा गट. तो तिथे का, हे मला माहीतच नव्हतं. क्लायंटकडून स्ट्रक्चर यायचं, आम्ही वीस मिलिग्रॅम शुद्ध करून पाठवायचो. ते कुठल्या प्रोटीनसाठी, हे आम्हाला कुणी सांगत नसे. ती जागा गेली, आणि ते मला फार लागलं.

मग इमॅटिनिब घेऊन बसले. रक्ताच्या कर्करोगावरचं हे औषध अमेरिकेत २००१ साली मंजूर झालं. त्यात फिनाइल रिंगवर एकच मिथाइल आलं आणि प्रोटीन कायनेज सी या दुसऱ्याच प्रोटीनवरचा नको असलेला परिणाम गेला, एबीएल या कर्करोगामागच्या प्रोटीनवरचा टिकला. रेणू नीट विरघळेना, म्हणून मिथाइलपिपरझीन हा विरघळायला मदत करणारा गट जोडला. तो थेट रिंगला नाही, मध्ये एक मेथिलीन, म्हणजे एका कार्बनचा दुवा, ठेवून, कारण थेट जोडला तर तयार होणारा अॅनिलीनचा तुकडा डीएनएला बाधेल अशी शंका होती. प्रत्येक अणूमागे असं कारण असतं, आणि ते शोधायला हिंजवडीत बसूनही कुणी अडवत नाही. रोज एक शोधनिबंध घ्या, रेणूंच्या परिणामाचे आकडे झाकून ठेवा, कोणता रेणू चांगला निघाला असेल ते आधी स्वतः ठरवा. क्लायंटची स्ट्रक्चर्स मात्र कुठेही दाखवू नका.

जर्मन आत्ताच सुरू करा, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात. मीटिंगा इंग्रजीत होतील, पण सुरक्षेच्या सूचना आणि लॅबोरंटशी बोलणं जर्मनमध्येच. पुढे ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, असताना जर्मनची बी१ पातळी झाली असेल, तर २१ महिन्यांत कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. पदवीची मान्यता अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन डेटाबेसवर बघा, ते दहा मिनिटांचं काम.

प्रोफेसरांना मेल लिहाल तेव्हा तीनशे रेणू केले असं लिहू नका. आपला एम.एस्सी. प्रोजेक्ट घ्या, त्यातली कोणती पायरी अडली, का अडली, कशी सुटली, हे चार ओळींत लिहा. मला उत्तर आलं ते तशाच मेलला.