कंपनीचा प्रोजेक्ट मिळालाय? आधी गेटवरची वही बघा

चाकणच्या एखाद्या प्लांटकडून ‘गाड्या फार वेळ थांबतात, उपाय सुचवा’ असा विषय मिळाला, की लगेच सॉफ्टवेअर सुचवायला धावू नका. पहिल्याच आठवड्यात एका पानावर लिहून घ्या: कुठलं गेट, कुठले डॉक (माल उतरवायच्या जागा), कुठल्या तारखांचा डेटा आणि रोजच्या शंकांना उत्तर देणारा माणूस कोण. हे पान नसलं की महिन्याभरात विषयच सरकतो.

खरी मेहनत डेटाची. प्रत्येक गाडीच्या पाच नोंदी हव्यात: गेटवर पोचली, आत घेतली, डॉकला लागली, माल उतरला, बाहेर पडली. जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीची, वेळ ‘माल उतरला’ म्हणून धरू नका. स्टोअरमध्ये बऱ्याचदा संध्याकाळी सगळ्या एंट्र्या एकदम होतात, मग दुपारी बाराला रिकामी झालेली गाडी कागदावर सहापर्यंत उभी दिसते. ई-वे बिलावरची (मालवाहतुकीसाठीचं जीएसटीचं कागदपत्र) वेळही बिल काढल्याची असते, गाडी सुटल्याची नाही. म्हणून निदान तीन दिवस, सगळ्या शिफ्टमध्ये, एकाने गेटवर आणि एकाने डॉकवर उभं राहून वेळा लिहा. घड्याळं आधी जुळवा. ड्रायव्हरांशी जरूर बोला. चलनावरचा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकल्याने गाडी अडली, हे कुठल्याच एक्सेलमध्ये नसतं.

नुसती सरासरी दाखवू नका. १९ गाड्या एकेक तास आणि एक गाडी २१ तास थांबली, तर सरासरी दोन तास येते, पण दोन तास थांबलेली गाडी एकही नसते. मध्यक (वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) द्या, आणि त्या एका गाडीचं कारण वेगळं शोधा.