मूल परत जाणार हे ठाऊक असताना प्रतिपालक का व्हावे?

मूल एक दिवस परत जाणार हे ठाऊक असताना त्याचे प्रतिपालक होण्यात, म्हणजे आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळण्यात, सर्वांत अवघड काय असते आणि त्यातून मिळते तरी काय, असे आपण विचारले आहे. ताटातूट हीच यातली मोठी अडचण, अशी बहुतेकांची समजूत असते. गेली काही वर्षे अशी, म्हणजे फॉस्टर केअरमधील, मुले सांभाळत असल्यामुळे माझे मत थोडे वेगळे झाले आहे. निरोप जड जातो हे खरे, परंतु त्याची तयारी करता येते. कस लागतो तो मूल घरात असताना, कारण ते दुसऱ्या एका घराचेही आहे हे आपल्याला रोज नव्याने मान्य करावे लागते.

ही गोष्ट सर्वाधिक जाणवते ती जन्मदात्या आईवडिलांशी ठरलेल्या भेटींच्या दिवशी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील नवव्या कलमानुसार, आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क आहे, मात्र तो मुलाच्या हिताविरुद्ध नसावा. वाचताना हे सहज पटते. पण भेटीहून परतलेले मूल जेव्हा ताटाला हात लावत नाही, क्षुल्लक कारणावरून वस्तू फेकते आणि रात्री अंथरूण ओले करते, तेव्हा ‘या भेटी बंदच करा’ असे अगदी ओठांवर येते. अशा वागण्यावरून भेट वाईट झाली असे लगेच ठरवू नये; पुष्कळदा ते पुन्हा झालेल्या विरहाचे दुःख असते. जे दिसले ते मुलाची जबाबदारी असलेल्या समाजसेवकाला तारीखवार लिहून कळवावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. आई भेटीला आलीच नाही, तर ‘आज ती आली नाही, तुला वाईट वाटणे साहजिक आहे’ एवढेच बोलावे. तिच्याविषयी वावगा शब्द काढला की तो मुलालाच लागतो, कारण ते स्वतःला तिच्यापासून वेगळे मानत नाही.

दुसरी अडचण मुलाच्या गतकाळाची. आमच्याकडे आलेला एक मुलगा सुरुवातीला इतका शहाण्यासारखा वागत असे की पाहुणे त्याचे कौतुक करीत. मला मात्र त्या शहाणपणाची काळजी वाटे, आणि त्याच्या गादीखाली बिस्किटांचे तुकडे व अर्धवट खाल्लेली फळे सापडली तेव्हा ती अनाठायी नव्हती हे कळले. उपासमार सोसलेली मुले असे साठवून ठेवतात. त्याला चोरी म्हणणे अन्यायाचे आहे. आम्ही त्याच्या उशाशी झाकणाचा एक डबा ठेवला आणि तो रिकामा झाला की न विचारता भरला जाईल असे सांगितले. पहिले कित्येक दिवस डबाही रिकामा होत राहिला आणि गादीखालचा साठाही वाढत राहिला. पुढे बऱ्याच महिन्यांनी हे साठवणे थांबले, आणि त्याच सुमारास एकदा जेवताना ‘मला हे आवडत नाही, मी खाणार नाही’ असे त्याने ठणकावून सांगितले. मी तर मनातून हरखून गेले. नकार दिला तरी आपल्याला कोणी घराबाहेर काढणार नाही, असा भरवसा बसल्याशिवाय अशी मुले हट्ट करीत नाहीत. आपण विचारलेल्या ‘काय मिळते’ याचे माझे उत्तर हेच आहे. कृतज्ञतेची अपेक्षा मात्र ठेवू नये. ज्याला स्वतःचे घर सुटल्याचे दुःख आहे, त्याने आपले आभार का मानावेत?

घरातील अशा संगोपनाने किती फरक पडतो, हे रुमानियातील बुखारेस्ट येथे झालेल्या अभ्यासातून स्पष्ट दिसले आहे. तेथील अनाथालयांसारख्या संस्थांमधील १३६ बालकांपैकी सुमारे निम्मी बालके चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रतिपालक कुटुंबांकडे सोपवली गेली. त्यांचा बुद्ध्यांक आणि जिव्हाळ्याचे नाते जोडण्याची क्षमता संस्थेच्या देखभालीत राहिलेल्या बालकांपेक्षा सरस ठरली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना त्याचा लाभ अधिक झाला. मूल पुढे आपल्यापाशी राहो न राहो, त्या वयात जडलेली माया वाया जात नाही.

कागदोपत्री अडचणी कंटाळवाण्या असतात, पण त्या निभावतात. शस्त्रक्रिया, परदेशप्रवास, शाळाबदल अशा बाबतीत केवळ आपल्या संमतीने भागत नाही आणि मुलाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकता येत नाहीत. (नातेवाईकांना हे समजावण्यातच अधिक शक्ती जाते.) आपली स्वतःची मुले असतील तर त्यांना आधी विचारावे, कारण खोली, खेळणी आणि आईवडिलांचा वेळ त्यांनाही वाटून घ्यावा लागतो.

मूल कायमचे आपले व्हावे अशी सुप्त इच्छा असेल, तर सरळ दत्तकासाठी अर्ज करावा. या वाटेने ती इच्छा पूर्ण करू पाहणे मुलावर आणि त्याच्या आईवर अन्याय करणारे आहे. मन अजून होय-नाही करत असेल, तर दुसऱ्या प्रतिपालकांना विसावा मिळावा म्हणून त्यांच्याकडील मूल काही दिवस सांभाळण्याची सोय जेथे असते, तेथून सुरुवात करावी. मूल स्वीकारण्याआधी त्याची झोप, औषधे, अ‍ॅलर्जी, भावंडे आणि भेटींचे वेळापत्रक यांविषयी नि:संकोच विचारावे, आणि उत्तरे लेखी मागावीत.